एकवीस बोटांची थप्पी

नाव व राहण्याची जागा वरच्या रकान्यात घातली आहे. वय चौपन्न वर्षे. शिक्षण आठवीपर्यंत. काम : विटांच्या कारखान्यात देखरेख.

मी आज १९ तारखेला सकाळी सव्वादहा वाजता, कोणीही बोलावलेले नसताना, आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे व अंमलदारांसमोर बसून पुढील हकीकत सांगते.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. पती हयात नाहीत. मुलगी लग्न होऊन परगावी आहे. कारखाना माझ्या धाकट्या भावाचा आहे. कामगार त्याला साहेब म्हणतात, कारण त्याने तसे म्हणायला सांगितले आहे. मला सगळे अक्का म्हणतात. तसे म्हणा, असे मी कोणाला सांगितलेले नाही.

आमच्याकडे पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, बॉयलरची राख आणि फुटक्या काचेची पूड यांच्या विटा होतात. राडारोडा चक्कीत बारीक करायचा, त्यात राख, काच, थोडे सिमेंट आणि पाणी घालायचे व प्रेसमध्ये दाबायचे. ही वीट भाजत नाहीत. तिला एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते, तेव्हा ती पक्की होते. तोवर ती दिसायला वीट असते, एवढेच. हा शोध आपल्याला विमानात बसल्या बसल्या सुचला, असे भाऊ पाहुण्यांना सांगतो. विटेचे प्रमाण मी माझ्या स्वयंपाकघरात, पावाच्या पत्र्याच्या साच्यांत काढले. त्याला दीड वर्ष लागले. रात्री भिजत घातलेल्या विटेचा सकाळी चिखल झाला, असे सव्वीस वेळा घडले. ते विमान कुठले, मला माहीत नाही. कारखान्याच्या फलकावर शोधक म्हणून त्याचे नाव आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अंमलदारांनी प्रमाण कोणाचे असे विचारले, म्हणून सांगितले.

विचारल्यावरून सांगते की, कोणत्या विटेला किती दिवस पाणी मिळाले हे ओळखण्याची आमच्याकडे एकच पद्धत आहे. रोजच्या विटांची एक थप्पी लागते. थप्पीत आठशे विटा असतात. संध्याकाळचे पाणी मारून झाले की मी डबीतल्या चुन्यात बोट बुडवते आणि थप्पीच्या कोपऱ्यातल्या विटेवर एक रेघ ओढते. एका दिवसाचे एक बोट. एकवीस बोटे भरली की थप्पी विकायला मोकळी. आमचे कामगारही तसेच बोलतात. ही नऊ बोटांची, ती सतरा बोटांची. याची वही नाही. वही भिजते आणि वहीत काहीही लिहिता येते. विटेवरचे बोट मी स्वतः पाणी मारल्याशिवाय ओढत नाही, हे बाहेरच्या गवंड्यांनाही ठाऊक आहे.

या महिन्याच्या ६ आणि ७ तारखेला मी रजेवर होते. मुलीची प्रसूती झाली होती. जाताना पाण्याचे काम प्रेस चालवणाऱ्यावर सोपवले होते व त्याने ते नीट केले. मी गेले तेव्हा अंगणात अकरा थप्प्या होत्या. आठ तारखेपर्यंत एकवीस बोटे भरणारी त्यात एकच होती. बाकी दहा पाच ते अठरा बोटांच्या होत्या.

८ तारखेला सकाळी आठ वाजता मी कारखान्यात आले तेव्हा अंगणात एकही थप्पी नव्हती. अकराच्या अकरा मोडून त्यांच्या सात रुंद पायऱ्या रचल्या होत्या. त्यावर हिरवा गालिचा टाकला होता. पर्यावरणाच्या कामाबद्दल भावाला कुठल्याशा संस्थेचे बक्षीस मिळाले होते व ते द्यायला पाहुणे यायचे होते. फोटो काढणाऱ्याने पायऱ्या बांधायला सांगितले होते. विटा मळकट दिसतात म्हणून गाड्या धुण्याच्या पंपाने त्या सगळ्या धुतल्या होत्या. चुन्याची बोटे गेली होती.

मी भावाला विचारले, "बोटं कुठे गेली?"

तो म्हणाला, "कसली बोटं?"

"चुन्याची."

"अगं, ते डाग होय. काढून टाकले. फोटोत घाण दिसत होते."

"मग आता यातली पक्की कुठली आणि कच्ची कुठली?"

"अक्का, सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. उगाच काय फरक पडतो?"

प्रेस चालवणारा तिथेच बाजूला पाने-पक्कड आवरत होता. तो म्हणाला, "साहेब, सख्खी भावंडंसुद्धा एकाच साच्यातली असतात." भाऊ त्यावर हसला. त्याला ते कळले नसावे, असे माझे मत आहे.

पाहुणे साडेअकराला आले. एकूण नऊ होते. सगळ्यांनी प्रत्येकी एक वीट हातात घेऊन फोटो काढला आणि वीट घेतलेला हात रुमालाने पुसला. मुख्य पाहुण्यांनी भाषणात सांगितले की जगात कचरा असा नसतोच, आपली दृष्टी कचरा असते. ते बोलत असताना त्यांच्या ड्रायव्हरने जेवणाचे रिकामे खोके आमच्या चक्कीत टाकले. ते मी नंतर हाताने काढले. भावाला काचेच्या चौकटीतले प्रशस्तिपत्र मिळाले. कार्यक्रम पाऊण तास चालला. त्यासाठी आठ हजार आठशे विटांचे वय पुसले गेले होते.

पाहुणे गेल्यावर मी वेगवेगळ्या पायऱ्यांतल्या विटा काढून एकमेकींवर वाजवून पाहिल्या. पक्की वीट खणखण वाजते. कच्ची बद्द वाजते. दहा जोड्यांपैकी सात बद्द वाजल्या. मी हे भावाला त्याच्या खोलीत जाऊन सांगितले. सगळ्या विटांना आणखी तीन आठवडे पाणी मारू, तोवर एकही बाहेर देऊ नये, असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीसाठी विटा जायच्या होत्या. त्या भिंतीवर कारखान्याच्या नावाची पाटी लागणार होती. ती रंगवून खोलीत उभी करून ठेवली होती.

भाऊ म्हणाला, "माझ्याकडे प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे."

मी म्हणाले, "तो ज्या तीन विटांचा आहे, त्यांना मी चाळीस दिवस पाणी मारलं होतं."

तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं नाही." मग म्हणाला, "तू वाजवून बघतेस, लोक मशिनवर तपासतात. जग पुढे गेलंय, अक्का. आणि आजच्या दिवशी तरी तोंड जरा गोड कर." त्याने पेढ्याचा नाही, केकचा तुकडा पुढे केला. मी घेतला नाही. संध्याकाळी मी सगळ्या पायऱ्यांना पाणी मारले आणि घरी गेले.

९ तारखेला सकाळी साडेनऊच्या सुमारास गवंडी टेम्पो घेऊन आला. सोबत त्याची बायको होती. ती त्याच्याबरोबरच सिमेंट-रेतीचा माल कालवण्याचे व विटा देण्याचे काम करते. या दोघांना मी अकरा वर्षे ओळखते. आमच्या विटेला कोणी हात लावत नव्हते, लोक तिला उकिरड्याची वीट म्हणायचे, तेव्हा त्याने स्वतःच्या घराची मागची भिंत तिची बांधली. त्याचे कोणी छायाचित्र काढले नाही. तो फार बोलत नाही. विटा भरण्यापूर्वी दर वेळी एकच प्रश्न विचारतो, "अक्का, बोटं पुरी?" मी "पुरी" म्हटले की भरायला लागतो. कोपऱ्यावरची बोटे मोजत नाही. मोजून घे, असे मी त्याला पूर्वी सांगितले होते. तुम्ही मोजलीत ना, असे म्हणाला होता.

त्या दिवशी पायऱ्या पाहून तो थांबला. म्हणाला, "हे काय, किल्ला बांधलाय काय?" नंतर नेहमीप्रमाणे म्हणाला, "अक्का, बोटं पुरी?"

मी म्हणाले, "आता बोटांची पद्धत गेली. साहेबांना बक्षीस मिळालंय. टाळ्या वाजल्या की वीट पक्की होते."

तो हसला. त्याची बायकोही हसली. ती म्हणाली, "मग आमच्या भिंतीपुढेही येऊन वाजवा, लवकर वाळेल." त्यानंतर दोघांनी दोन हजार चारशे विटा भरल्या. सगळ्या मिळून तीन थप्प्यांच्या विटा होतात. एकवीस बोटांची थप्पी एकच होती, हे मी वर सांगितले आहे. भरताना मी तिथेच उभी होते.

विचारल्यावरून सांगते की, मी "पुरी" असे म्हटले नाही. "पुरी नाहीत" असेही म्हटले नाही.

१४ तारखेला भिंत पुरी झाल्याचे समजले. सहा फूट उंच व साठ फूट लांब होती. १७ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास दवाखान्याच्या आवारात रेतीचा ट्रक आला व त्याने रेती आतल्या बाजूने भिंतीला लागून ओतली. गवंड्याची बायको त्या वेळी बाहेरच्या बाजूने भिंतीला पाणी मारत होती. भिंत खालच्या चार थरांत फुटली आणि बाहेरच्या बाजूला कोसळली. तिचा डावा पाय मांडीपर्यंत खाली सापडला. हे मी पाहिलेले नाही. प्रेस चालवणाऱ्याला फोन आला, त्याने मला सांगितले. मी साडेबाराला तिथे पोचले तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात हलवले होते. गवंडी तिच्याबरोबर गेला होता.

भिंतीपाशी गेल्यावर मी काय पाहिले ते सांगते. विटांमधले सिमेंटचे जोड शाबूत होते. थराच्या थर जोड कंगव्याच्या दातांसारखे उभे होते आणि दातांमधली वीट फुटून गळून गेली होती. माल वाईट असता तर विटा अख्ख्या सुटून पडल्या असत्या. इथे उलटे झाले होते. खालच्या थरातला एक तुकडा मी उचलून मुठीत दाबला, त्याचा चुरा झाला. असे पाच तुकडे व जोडाचा एक तुकडा मी पिशवीत घालून आणला आहे. पिशवी अंमलदारांच्या टेबलावर ठेवली आहे. जोडाचा तुकडा मी जमिनीवर आपटून पाहिला. तो फुटला नाही. ज्याला वाटेल त्याने पुन्हा आपटून पाहावा.

मला असे समजले आहे की, माझ्या भावाने १७ तारखेलाच या ठाण्यात लेखी तक्रार दिली असून गवंड्याने सिमेंट चोरून हलका माल वापरला व त्यामुळे भिंत पडली, असे तीत म्हटले आहे. त्यावरून गवंड्याला त्या मोठ्या दवाखान्यातून इथे आणून बसवले आहे. भावाने तक्रारीसोबत प्रशस्तिपत्राची प्रत जोडली आहे, असेही समजले. तक्रार लिहिली तोवर तो भिंत पाहायला गेलेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. पाटी मात्र माणूस पाठवून उचलून आणली आहे.

१८ तारखेला संध्याकाळी सहा वाजता भाऊ व भावजय माझ्या घरी आले. भाऊ बसला नाही. म्हणाला, "अक्का, पोलीस तुलाही विचारतील. तू एवढंच सांग, की विटा देताना गवंड्याला आठवडाभर थांबून बांध असं बजावलं होतंस."

मी म्हणाले, "बजावलं नव्हतं."

"ते तुला आणि मला माहीत."

"गवंड्यालाही माहीत आहे. तो तिथेच होता."

"त्याचं कोण ऐकणार आहे?"

मी विचारले, "त्याच्या बायकोच्या पायाचं काय झालं?"

भाऊ म्हणाला, "मी चौकशी करायला सांगितलंय." कोणाला सांगितले, असे मी विचारल्यावर तो फोनकडे पाहू लागला. मग म्हणाला की कारखाना बंद पडला तर अठरा घरांच्या चुली बंद पडतील. अठरा हा आकडा त्याने बरोबर सांगितला. कामगार किती आहेत हे त्याला माहीत असेल, असे मला वाटले नव्हते.

जाताना भावजय दारात थांबून म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. पण तुमच्या बोलण्यात खरं कुठलं आणि टोमणा कुठला, हे समोरच्याला कळत नाही. आम्हाला वीस वर्षांत कळलं नाही, त्या गवंड्याला काय कळणार?"

आता अंमलदारांनी मला असे विचारले की, विटा कच्च्या आहेत हे आदल्या दिवशीच माहीत असताना मी टेम्पो का थांबवला नाही. भावाची भीती होती काय, असे विचारले. त्यावर सांगते की, मला माझ्या भावाची भीती कधीच वाटलेली नाही. तो चार वर्षांचा होईपर्यंत त्याला मीच आंघोळ घालत होते. नोकरी जाण्याचीही भीती नव्हती. माझ्याशिवाय तिथे पाण्याचा नळ कुठे आहे, हेही त्याला सांगता येणार नाही.

टेम्पोतून विटा उतरवताना सगळे गवंडी त्या खाली फेकतात. पक्क्या विटेचा टवकाही उडत नाही. सहा-सात बोटांची वीट तशी फेकली तर जागच्या जागी दोन तुकडे होतात. माझा हिशेब असा होता की, या विटा दवाखान्याच्या दारात उतरवल्या की निम्म्या तिथेच फुटतील. सगळ्यांच्या देखत चुऱ्याचा ढीग पडेल. दवाखान्याचे लोक भावाला फोन करतील. मग तो माझ्याकडे येईल, अक्का आता काय करू, असे विचारील. मला ते ऐकायचे होते. ते ऐकण्यासाठी मी टेम्पो जाऊ दिला. भिंत बांधली जाईल, असे माझ्या मनात आले नाही. कच्च्या विटा भिंतीपर्यंत पोचतच नाहीत, असे मी धरून चालले होते.

दुपारपर्यंत मी फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. विटा फुटल्या नाहीत म्हणजे नशिबाने पक्क्याच गेल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. दहा तारखेला भिंतीपर्यंत जाऊन पाहता आले असते. ती जागा कारखान्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी गेले नाही.

आज ठाण्यात येताना गवंडी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला दिसला. मला पाहून तो उठला व बसायला जागा केली. त्याच्या पायात चप्पल नव्हती. मी त्याला विचारले, "विटा उतरवताना एकही फुटली नाही?"

तो म्हणाला, "फेकल्याच नाहीत, अक्का. तुमच्याकडचा माल आम्ही फेकत नाही. ती वरून द्यायची, मी खाली घ्यायचो. सगळ्या हातोहात उतरवल्या."

मग त्याने मला विचारले की दवाखान्यातून काही कळले का. मी सकाळी तिथे जाऊन आले होते. पाय ठेवायचा की काढायचा हे डॉक्टर आज दुपारी ठरवणार आहेत व त्यासाठी नवऱ्याची सही लागणार आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला सोडतील का तेवढ्यापुरतं?" मी त्याला, बघते, असे म्हटले व आत आले.

तरी गवंड्याचा माल चांगला होता, त्याचे काम चांगले होते व भिंत त्याच्या कामामुळे पडलेली नाही, असे माझे सांगणे आहे. विटांचे वय पुसणारा माझा भाऊ आहे. वय पुसलेले आहे हे माहीत असून विटा देणारी मी आहे. दोघांवर काय कारवाई व्हायची ती व्हावी. गवंड्याला दुपारच्या आत दवाखान्यात जाऊ द्यावे. त्याच्या जागी बाकावर मी बसते.

इथवरचा मजकूर अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, फक्त विटा देणारी मी आहे, या वाक्यानंतर त्यांनी आपल्या मनाने "सदर विटा माझ्याकडून चुकून दिल्या गेल्या" असे एक वाक्य घातले होते. ते माझ्या सांगण्यावरून पूर्ण खोडले असून खोडल्या जागी मी सही केली आहे.